कूलरचा प्लग, कुंभारीण आणि ॲरिस्टॉटल

एप्रिल लागला की नागपुरात पहिलं काम म्हणजे कूलर बाहेर काढणे. यंदा खस बदलून झाली, टाकीत पाणी भरलं, पंप चालतो का पाहावं म्हणून प्लग लावायला गेलो तर सॉकेटची तिन्ही भोकं मातीनं लिंपलेली. कुंभारीण माशी! शेजारच्या भिंतीवरही अंगठ्याएवढा मातीचा गोळा. मी मेन स्विच बंद करून स्क्रू ड्रायव्हर आणला तशी आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "हात नको लावू रे तिले, कुंभारणीनं घर केलं का घरात पाळणा हालते." बायकोनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी स्क्रू ड्रायव्हर गुपचूप खाली ठेवला.

पण दुपारी आई झोपल्यावर राहवलं नाही, उलथन्यानं भिंतीवरचा गोळा अलगद सोडवला. आत चार खोल्या. एकीत मोजून अकरा कोळी, बारीक, पाय दुमडलेले, आणि मेलेले नाही बरं का, काडी लावली की एकाचा पाय हलायचा. डंख मारून नुसते लुळे केलेले, म्हणजे मटण ताजं राहतं. शेजारच्या खोलीत एक पिवळसर अळी आणि बाजूला कोळ्यांचे उरलेले पाय.

आता आमच्या आजोबांनी सांगितलेलं काय, तर कीटक-भृंगी न्याय. कुंभारीण अळी आणून कोंडते, वर गुणगुण करत राहते आणि ती अळी तिच्या ध्यासानं शेवटी कुंभारीणच होते. कीर्तनात हा दृष्टांत लागला की आजोबा मान डोलवायचे, आणि मी आठवीपर्यंत हे खरंच समजत होतो. दृष्टांत म्हणून आजही भारी वाटतो पण कोंडलेल्या जिवाचं रूपांतर वगैरे काही होत नाही, त्याचं जेवण होतं.

रात्री मोबाईलवर शोधत बसलो आणि कुठल्या कुठे गेलो, थेट ग्रीसला. ॲरिस्टॉटलनं तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की गांधीलमाशीपेक्षा लहान अशी एक जात आहे, ती कोळी मारते, भिंतीच्या भोकात नेऊन ठेवते, मातीनं लिंपते, आत अळ्या ठेवते आणि त्यांच्यातूनच पुन्हा तशाच माश्या निघतात. अरे, हे तर माझं सॉकेट! कोळी मेलेले नसतात हे त्याला कळलं नाही आणि मधमाश्यांच्या राणीला तो राजा समजत होता, पण एका फेरीत मधमाशी एकाच जातीच्या फुलांवर फिरते हे त्यानं बरोब्बर पकडलं होतं.

मग तिकडचंच वाचत सुटलो. स्कोपोली नावाचा एक डॉक्टर, आजच्या स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावी पाऱ्याच्या खाणीवर १७५४ ते १७६९ नोकरीला. दिवसा पाऱ्यानं थरथरणारे खाणकामगार तपासायचे आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करायचे. १७६३ मध्ये त्यानं त्या मुलखाच्या किड्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक काढलं, युरोपात बागेबागेत दिसणाऱ्या तपकिरी बंबलबीचं (गुबगुबीत, केसाळ मधमाशीसारखी माशी) 'पास्कुओरम' हे नाव त्याचंच, अजून चालू आहे. जीवांना लॅटिन नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसशी पत्रं चालायची, भेट मात्र कधीच नाही. एका झाडालाही त्याचं नाव दिलंय, त्यावरून स्कोपोलामाइन, म्हणजेच हायोसिन हे औषध. पोटात मुरडा आला की आपण जी गोळी घेतो ना, तिच्या घराण्यातलं.

पण माझा हिरो त्याच मुलखातला आंतोन यान्शा. माणूस चित्रकार. त्या भागात मधमाश्यांच्या पेट्यांच्या पुढच्या फळ्या रंगवायची पद्धत, देवाधर्माची चित्रं तर असायचीच पण एक चित्र असं की सैतान बाईची जीभ धार लावायच्या चाकावर घासतोय (हे आईला दाखवलं नाही). यान्शा व्हिएन्नाला चित्रकला शिकायला गेला आणि १७७० मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसानं त्याला मधमाशीपालनाचा मास्तर केलं. तेव्हा लोक म्हणायचे नर माश्या पाणी वाहायला असतात, हा म्हणाला छे, राणी पोळ्याबाहेर उडत असताना नरांशी जुळते. १७७३ मध्ये तो गेला, चाळिशीही गाठली नव्हती. २० मे १७३४ ला त्याचा बाप्तिस्मा झाला होता म्हणून जागतिक मधमाशी दिन २० मे ला.

पुढे १९३० च्या दशकात पिट्टिओनी नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं बाल्कनमधल्या सगळ्या बंबलबींवर काम केलं, ते बल्गेरियातल्या सोफियाहून छापून आलं. हे यादीवालं काम, त्यात माझं मन रमलं नाही.

रमलं ते सायप्रसच्या गोष्टीत. तिथली मोठी गांधीलमाशी, ओरिएंटल हॉर्नेट, आपल्या देशातही आहे. जपानमधल्या मधमाश्या हल्लेखोर गांधीलमाशीला घेरून उष्णतेनं मारतात, पण ही बया पन्नास अंशांच्या आसपास तापमान सहन करते (नागपूरचीच म्हणायची!), मग तिथल्या मधमाश्या काय करतात तर तिच्या पोटाला गच्च बिलगून श्वास घ्यायची भोकंच उघडू देत नाहीत. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या आणि फ्रान्सच्या संशोधकांनी २००७ मध्ये हे दाखवलं. त्यांनी प्लास्टिकचे इवलेसे तुकडे लावून ती भोकं उघडी ठेवली तर तिला मरायला कितीतरी जास्त वेळ लागला. मला तर तो तुकडा लावणाऱ्याचाच हात बघायचाय!

आणि सगळ्यात मजा म्हणजे, भारताकडची एक कुंभारीण १९७९ मध्ये ऑस्ट्रियात सापडली, बहुतेक सामानातून गेली असणार, आणि तिथून स्लोव्हेनिया, क्रोएशिया करत ग्रीसपर्यंत पसरली. घरात शिरून पुस्तकांच्या मधे, घडी केलेल्या कपड्यांत माती लिंपते. तिकडच्या आया पाळण्याचं बोलतात का माहीत नाही.

आमचा कूलर सध्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालून राहिला, हॉलमधून वायर ओढून, येताजाता पाय अडकतो. उपटलेल्या गोळ्याची जागा आईच्या लक्षात आली, काही बोलली नाही, फक्त सॉकेटवर चिकटपट्टीनं एक कागद लावला: "हात लावू नये."