पांढरा सॉस सढळ, लाल जपून

न्यूयॉर्कचे पाच दिवस पुतळा, पूल, संग्रहालयं आणि टाइम्स स्क्वेअरच्या जत्रेत गेले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते फॉइलच्या एका गोल डब्याबद्दल.

मॅनहॅटनच्या मधल्या भागात जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यावर एक चकचकीत पत्र्याची गाडी असते. वर छत्री, काचेवर पदार्थांचे फिकट पडलेले फोटो, त्यावर 'हलाल' हा शब्द आणि आत तव्यावर उलथन्यांचा खणखणाट. हलाल म्हणजे मुळात इस्लामी नियमांनुसार चालणारं अन्न. मांसाच्या बाबतीत जनावर कसं कापलं याचा तो नियम. या शहरात मात्र ते एका जेवणाचंच नाव होऊन बसलंय. 'दुपारी हलाल खाऊ' असं म्हणणाऱ्याला भात, वर चिरलेलं चिकन, कडेला सॅलड, पिटा या चपट्या पावाचे तुकडे आणि दोन सॉस एवढंच अभिप्रेत असतं. म्हणणारा मुसलमान असेलच असं नाही.

गाडीवर जायचं तर पैसे घेतात त्या बाजूला उभं राहू नका, तव्याच्या बाजूला राहा. ऑर्डर दिल्यापासून डबा हातात पडेपर्यंत जेमतेम दोन मिनिटं लागतात आणि खरी गंमत तेवढ्यातच उरकते. तवा सपाट असतो, खाली प्रोपेनचे बर्नर. पण तो सगळीकडे सारखा तापलेला नसतो आणि मेख तिथेच आहे. मधला पट्टा कडक तापलेला, कडा कोमट. आधी शिजवलेल्या चिकनचा ढीग कडेला लावलेला असतो. ऑर्डर आली की त्यातलं मूठ-दीड मूठ मधल्या पट्ट्यावर ओढतात, तेलाची किंवा पाण्याची एक पिचकारी मारतात, भस्सकन वाफ उठते आणि मग दोन्ही हातांत उलथनी घेऊन कचाकच चिरणं सुरू होतं. पावभाजीवाल्याची आठवण हमखास यावी असा तो ताल. चिरणं संपतासंपता तुकड्यांच्या कडा तपकिरी, किंचित कुरकुरीत होतात. डब्यात भात आधीच भरून तयार असतो. त्यावर एका फटक्यात चिकन, दुसऱ्या हाताने आइसबर्ग लेट्यूस आणि टोमॅटो, आणि मग तो प्रश्न येतो: "व्हाइट सॉस? हॉट सॉस?"

चिकन मांडीचं, बिनहाडाचं असतं. छातीचं मांस या तव्यावर टिकत नाही. त्यात चरबी कमी, त्यामुळे अर्ध्या तासात भुस्सा होतो. मांडीचं मांस कडेला तासभर पडून राहिलं तरी ओलसर राहतं. पण तासभरच, दुपारभर नाही. म्हणून माझा आग्रह वेळेचा आहे. बारा ते दोन या वेळात ऑफिसांची गर्दी असते, रांग लागते, ढीग सतत संपतो आणि नवा लागतो. तीन-चारच्या सुमारास रांग नसते म्हणून खूश होऊन जाल, तर दुपारपासून कडेला बसून दोरीसारखं झालेलं चिकन पदरी पडेल. पाण्याची पिचकारी मारून ते गरम होतं, मऊ होत नाही. त्या वेळी जायचंच असेल तर तव्यावर ताजं टाकायला सांगा आणि सात-आठ मिनिटं थांबायची तयारी ठेवा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. पुष्कळ गाड्यांवर बांगलादेशी विक्रेते आहेत, त्यांच्याशी हिंदीतून निभतं. इजिप्शियन असतील तर दोन शब्दांचं इंग्रजी आणि हातवारे पुरतात.

भात पिवळा किंवा केशरी. लांब दाण्याचा तांदूळ लोणी किंवा तेलात हळद-जिऱ्यावर परतून शिजवलेला. दिसायला आपल्या मसालेभातासारखा, चवीला त्याच्या जवळपासही नाही. एकटा खाल्ला तर अळणी वाटतो आणि तो तसाच हवा, कारण तिखट-आंबट-गोड सगळं सॉसमधून येणार असतं.

आता सॉस. लोकांचं चुकतं ते इथेच.

पांढरा सॉस बघून आपल्याला वाटतं दही आहे. दही असलं तर नावापुरतं. पाया मेयोनीजचा, त्यात व्हिनेगर, साखर, मिरपूड, कधी लिंबू, कधी लसूण. प्रत्येक गाडीचं प्रमाण वेगळं आणि ते कुणी सांगत नाही. लाल सॉस बघून वाटतं केचपच्या वर्गातला असेल, कारण इथल्या लोकांच्या तिखटाच्या कल्पना आपल्याला ठाऊक असतात. हा गैरसमज महागात पडतो. काही गाड्यांवरचा लाल सॉस म्हणजे वाळलेल्या मिरचीची तेलात कालवलेली नुसती आग. 'आम्ही महाराष्ट्रातले, ठेचा खाणारे' ही मिजास तिथे मिरवू नये. ठेच्यात लसूण-मीठ-शेंगदाण्याची सोबत असते, इथे मिरचीला सोबतच नसते. शिवाय विक्रेता 'थोडा' म्हणून बाटली दाबतो तेव्हा दोन फेरे मारतो, आणि गरम भातात उतरलेला सॉस परत काढता येत नाही. म्हणून लाल सॉस वेगळ्या छोट्या कपात मागून घ्या. आधी चार-पाच थेंब, मग पुढचं. भडका उडालाच तर कोकच्या मागे धावू नका. मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं, म्हणून आग विझवायला तोच पांढरा सॉस कामाला येतो. दोन्ही बाटल्या जोडीने का ठेवलेल्या असतात ते अशा वेळी कळतं.

घरी करायचा असेल तर पाऊण वाटी मेयोनीज, पाव वाटी पाणी निथळलेलं दही, दीड चमचा व्हिनेगर, एक चमचा साखर, भरपूर मिरपूड, चिमूट मीठ. फेटल्यावर घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी. बाटलीच्या बारीक भोकातून धार न तुटता पडली पाहिजे. लगेच खाल्ला तर नुसतं मेयोनीज लागतं, फ्रीजमध्ये दोन तास ठेवला की व्हिनेगर मुरतो.

आता मांसाबद्दल एक स्पष्ट सूचना, कारण मराठी प्रवासवर्णनांत ही कुणी लिहीत नाही. पाटीवर 'लँब' लिहिलेलं असलं तरी ते निव्वळ कोकराचं मांस असेल असं धरून चालू नका. हे जायरोचं मांस. खिमा, मसाले आणि पावाचा चुरा दाबून केलेलं, कारखान्यातून गोठवून आलेलं. त्यात गोमांस मिसळलेलं असणं अगदी सर्रास आहे, कधी तर तेच जास्त. ज्यांना चालत नाही त्यांनी 'कॉम्बो' किंवा 'मिक्स' (म्हणजे चिकन-लँब एकत्र) हे शब्द उच्चारूच नयेत, सरळ 'चिकन ओव्हर राइस' म्हणावं. त्याच गाडीवरचा हॉट डॉगही बहुधा गोमांसाचाच असतो.

शाकाहारी मंडळींसाठी फलाफल आहे, पण अर्धीच सोय म्हणा. चण्याचे वडे निर्मळ शाकाहारी, पण ते गरम होतात त्याच तव्यावर. भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, आणि मेयोनीजमध्ये अंडं असतं. विचारलं तर खरं सांगतात, न विचारता गृहीत धरलं तर दोष आपला. काटेकोर पाळणाऱ्यांनी मॅनहॅटनमधल्याच वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कजवळची डोशाची गाडी गाठावी, तिथलं सगळंच वनस्पतीजन्य आहे.

हे जेवण आलं कुठून, तर टॅक्सीवाल्यांच्या भुकेतून. सहावी अव्हेन्यू आणि ५३वा रस्ता या कोपऱ्यावर १९९० मध्ये तीन इजिप्शियन स्थलांतरितांनी हॉट डॉगची गाडी लावली. पाव-सॉसेज खाऊन बारा तासांची पाळी निघत नाही, हे मुसलमान टॅक्सीचालकांकडून कळल्यावर त्यांनी भात-चिकन सुरू केलं. तीच आजची 'द हलाल गाइज', २०१४ पासून शाखा देणारी. जायरो आणि पिटा त्याआधीच्या ग्रीक विक्रेत्यांकडून आले, मसाल्याचा हात पुढे अफगाण आणि बांगलादेशी विक्रेत्यांनी फिरवला. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला गेलात तर लाल-पांढऱ्याच्या जोडीला हिरवी चटणीसुद्धा मिळते, आणि आपल्या जिभेला ती जास्त ओळखीची वाटते. ५३व्या रस्त्यासाठी सबवेच्या बी, डी किंवा ई ट्रेनने सातव्या अव्हेन्यूच्या स्टेशनवर उतरायचं.

डबा साधारण ८ ते १२ डॉलरला पडतो. दोन मध्यम भुकेची माणसं एकात भागवतात. रोख सुटे असावेत, टिपेची अपेक्षा नसते. या दरामागची गोष्ट मात्र फारशी गोड नाही. खाद्यगाड्यांच्या परवान्यांवर शहराने १९८३ मध्ये मर्यादा घातली. दोन वर्षांचा सरकारी परवाना २०० डॉलरचा, पण तो मिळतच नाही म्हणून लोक जुन्या परवानेधारकाकडून चोरीछुपे भाड्याने घेत आले, २०,०००-२५,००० डॉलर मोजून. २०२१ च्या कायद्याने दरवर्षी ४४५ नवे परवाने द्यायचं ठरवलं. शिवाय गाडी दहा फूट बाय पाच फुटांहून मोठी नको, इमारतीच्या दारापासून वीस फूट दूर हवी, रोज ठरलेल्या गॅरेजमध्ये नेऊन धुतलीच पाहिजे. तव्यामागे घाम पुसणारा माणूस बऱ्याचदा गाडीचा मालक नसतो. गाडीवर लावलेली स्वच्छतेच्या श्रेणीची पाटीही बघा, उपाहारगृहांसारखंच इथेही ए, बी, सी असतं.

माझी मोठी तक्रार बसण्याबद्दल आहे. एवढा मोठा डबा, हलका प्लास्टिकचा काटा आणि बूड टेकायला जागा नाही. पदपथावर उभ्याने खाल तर पहिल्या घासाला लेट्यूस शर्टावर. यावर तोडगा आहे आणि तो सगळ्या पाहुण्यांना ठाऊक नसतो. १९६१ च्या नियमानुसार बिल्डरांना तळाशी लोकांसाठी चौक किंवा आडोसा सोडला की वर जादा बांधकाम मिळायचं. असे खासगी मालकीचे पण सगळ्यांना खुले चौक या भागात जागोजागी आहेत. सहाव्या आणि सातव्या अव्हेन्यूच्या मधून ५१ ते ५७व्या रस्त्यापर्यंत इमारतींच्या पोटातून जाणारी एक पायवाट आहे. २०१२ मध्ये तिला 'साडेसहावी अव्हेन्यू' अशा पाट्या लागल्या. पाऊस असेल तर तिथे जा. ऊन असेल तर सरळ सहा रस्ते वर, सेंट्रल पार्क.

थंडीत मात्र पार्कचा हट्ट सोडा. पातळ फॉइल आणि पुठ्ठ्याचं झाकण ऊब धरत नाही. पार्कात पोहोचेपर्यंत भात गार आणि पांढरा सॉस मलमासारखा. शिवाय झाकण फक्त कडा दुमडून बसवलेलं असतं, डबा पिशवीत तिरका झाला की सॉस गळतो. तळहातावर आडवा धरूनच न्यावा.

उरलं तर हॉटेलवर नेता येतं, पण फॉइलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये जात नाही, ताटलीत काढायला हवं. आणि आधी लेट्यूस वेचून टाका, नाहीतर गरम झाल्यावर सगळ्या भाताला उकडलेल्या पाल्याचा वास लागतो.