गेल्या महिन्याचं काय विचारतेस?

"गेल्या महिन्याचं काय विचारतेस बाय? गेला महिना मे होता. जुलैचं विचार."

मानसिक आघाताची लक्षणं मोजायची पीसीएल-५ ही प्रश्नावली, २० प्रश्नांची. सगळे प्रश्न गेल्या महिन्याभराबद्दल. चिपळूणच्या या मावशींचे आकडे अगदी कमी, वर हसून बोलणं. मी मनात शेरा मारूनही टाकला होता: कोकणी माणूस, कणखर! (हा शब्द किती सोयीचा आहे आम्हा समुपदेशकांना.)

मग कळलं. २२ जुलै २०२१ च्या पुरापासून पावसाचा जोर वाढला की मावशी जिन्याच्या वरच्या पायरीवर रात्र काढतात. मांडीवर कागदपत्रांची पिशवी. वाशिष्ठी कुठवर आली, ते खालच्या पायऱ्या मोजून बघतात.

घरच्यांना वाटतं, म्हातारीला झोप कमी.

जुलैत त्यांना परत बोलवायचं, की मीच एका रात्री जाऊन त्या पायरीवर बसायचं?