नीसेकोचं गेट आणि आपली जमावबंदी

रात्रभर बर्फ पडून सकाळी उघडीप झाली की जपानच्या होक्काइदो बेटावरच्या नीसेकोत, म्हणजे इथल्या स्कीइंगच्या गावात, माणसं वेडी होतात. यंदा ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गुडघ्याच्या वर येईल एवढा ताजा बर्फ, वर निळंशार आभाळ, लिफ्ट चालू, आणि आखलेल्या उतारांच्या हद्दीबाहेर, माथ्याकडे जाणारं गेट मात्र बंद. गेट म्हणजे तरी काय, दोन खांब, मध्ये दोरी आणि एक पाटी. कुंपण नाही, तारा नाहीत. जरा वाकलं की माणूस पलीकडे. तरीही ही एवढी गर्दी स्की खांद्यावर टाकून निमूट उभी. चुळबुळ चालली होती, घड्याळं बघणं चाललं होतं, पण दोरीला कुणी हात लावत नव्हतं.

एक उंचापुरा परदेशी पोरगा (परदेशी म्हणजे आमच्यासारखाच परदेशी) बाजूने शिरला आणि खाली गेला. मस्त स्कीइंग करत गेला, खोटं कशाला बोलू. खाली लिफ्टपाशी डोंगरावर लक्ष ठेवणारे पॅट्रोलवाले काका उभेच होते. आवाज चढवणं नाही, भाषण नाही. लिफ्टचा पास मागितला, काढून घेतला, किंचित मान लववली, विषय संपला. पोरगा म्हणत राहिला, "पण काही झालं तर नाही ना!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्या नाशिकला अंजनेरीच्या वाटेवर पावसाळ्यात दर रविवारी ऐकू येतं.

तर या दोरीबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय.

ज्या डोंगरावर हे सगळं चालतं तो अन्नुपुरी फक्त 1308 मीटरचा. आपल्या कळसूबाईपेक्षा चांगला तीनशे मीटरने बुटका. पण सैबेरियाकडून येणारा कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि होक्काइदोच्या डोंगरांवर रिकामं करतो. हलका, कोरडा, मुठीत धरला तर गोळा न होणारा बर्फ. त्यासाठी जगभरातून लोक येतात. गोम आहे ती वाऱ्यात. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन रचतो. वरून तो गुळगुळीत, देखणा दिसतो, पण खालच्या थराशी त्याची पकड नसते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाचं वजन त्याला पुरतं आणि अख्खी लादी सुटते. म्हणून लख्ख ऊन पडलेल्या दिवशीही गेट बंद असू शकतं. खाली कॉफी पीत "हवा तर छान आहे की" म्हणणाऱ्यांना रात्रीचा वारा दिसलेला नसतो.

पूर्वी इथे हद्दीबाहेर जायलाच बंदी होती. लोक दोरीखालून जायचेच आणि हिमस्खलनात मरायचेही. मग 2001 च्या सुमाराला उलटा विचार झाला. डोंगर बंद करायचा नाही, गेटं ठेवायची. रोज पहाटे जाणत्या माणसांनी बर्फ आणि वारा पाहून गेट उघडायचं की नाही ते ठरवायचं. इथे राहणारे गिर्यारोहक अकिओ शिन्या यांनी वर्षानुवर्षं रोज सकाळी हिमस्खलनाची माहिती लिहिली, ती इंग्रजीतही मिळते. उघड्या गेटातूनच बाहेर जायचं, बंद असेल तर नाही, दोरी कधीच ओलांडायची नाही. यू-नो-सावासारख्या जागा तर कायमच्या बंद. पलीकडे अडकलात तर शोधमोहिमेचा खर्च किमान 1 लाख येन, तो तुमच्या खिशातून. नियमांत स्कीइंगच्या स्वातंत्र्याचा मान राखतो असंही म्हटलंय, हे मला सगळ्यात आवडलं.

आता आपल्याकडे बघा. जून 2024 मध्ये भुशी डॅमजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर आदेश निघाले, बंदी, जमावबंदी, फलक. दरवर्षी निघतात. पण आज सकाळी या धबधब्याच्या वर किती पाऊस झालाय, हे बघून "आज नाही, उद्या या" म्हणणारा माणूस तिथे उभा नसतो. सरसकट बंदी म्हणजे कुणालाच विचार करायला नको. आदेश काढणाऱ्यालाही नको आणि बाजूच्या वाटेने शिरणाऱ्यालाही.

हे मी ऑफिसात मोठ्या तोऱ्यात सांगत होते, तेवढ्यात शेजारचा जपानी सहकारी अगदी निरागसपणे म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे डोंगरात व्यवस्थाच नाही?" झालं, माझं डोकं फिरलं. स्वतःच्या घराला आपण नावं ठेवावीत, दुसऱ्याने नाही! त्याला दरडीखाली गाडली गेलेली इर्शाळवाडी सांगितली. जुलै 2023, काळोखी रात्र, कोसळता पाऊस, यंत्र जाऊ शकणार नाही अशी निसरडी चढण, आणि खोपोली-लोणावळ्याकडची गिर्यारोहक पोरं रात्रीच वर पोचलेली. सांगितलं की आमच्याकडे दरीतून माणूस काढला तर कुणी बिल लावत नाही. नोकरी-धंदा सांभाळून, पदरचं पेट्रोल घालून येतात लोक. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मग त्यांचा विमा कोण काढतं?"

मी विषय बदलला.

असो. स्कीइंगबद्दल लिही म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलंय, तर लिहिते. दाबून सपाट केलेल्या उतारावर शिकलेलं बरंचसं ताज्या बर्फात विसरावं लागतं. तिथे वळताना भार बाहेरच्या पायावर देतात. इथे तसा दिला की तो पाय बुडतो, दुसरा तरंगतो आणि तुमचे पाय फाकतात. दोन्ही पाय जवळ, दोघांवर सारखा भार, जणू एकच रुंद स्की आहे. मागे रेलून बसा, असा सल्ला हौशी लोक देतात. ऐकू नका, पंधरा मिनिटांत मांड्या पेटतात. हात पुढे, अंग मध्यावर. आणि वेग हवा, हे पचायला सगळ्यात अवघड. चिखलात स्कूटर घातल्यावर मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की जे होतं तेच इथे होतं. आधी थोडं सरळ उताराला लागायचं, बर्फ उचलून धरतोय असं जाणवलं की मोठी, गोल, सावकाश वळणं घ्यायची. झटका देऊन स्कीची कडा रोवायला गेलात की तोंडघशी.

पडल्यावर उठणं हा वेगळाच अध्याय. हात टेकवायला जावं तर खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) फुलीसारखे आडवे टाकून त्यावर भार द्यायचा. निसटलेली स्की आपण जिथे थांबलो तिथे बहुतेक नसते, पडलो त्या जागेच्या जरा वर, बर्फाखाली असते.

पण हिमस्खलनाइतकीच भीती मला झाडांची वाटते. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या पसरलेल्या असतात, त्यामुळे बुंध्याभोवती बर्फ घट्ट बसत नाही, पोकळी राहते. वरून काहीच कळत नाही. तिथे डोकं खाली, पाय वर असा माणूस गेला की भुसभुशीत बर्फ चहूबाजूंनी आत कोसळतो. उत्तर अमेरिकेत स्वयंसेवकांना मुद्दाम अशा खड्ड्यात ठेवून बघितलं, तर शंभरातल्या नव्वदांना आपलं आपण बाहेर येता आलं नाही. म्हणून झाडीत पोलचे पट्टे मनगटात अडकवायचे नाहीत, शिट्टी गळ्यात ठेवायची आणि जोडीदार सतत नजरेसमोर हवा. पडताय असं वाटलं तर फांदी किंवा बुंधा धरा, डोकं वर ठेवा. नवऱ्याला मी दर थोड्या वेळाने हाक मारते. तो वैतागतो, "अगं आहे ना मी!" वैतागू दे. ओ तर दिली!

आईला फोनवर यातलं अर्धंच सांगितलंय. तेवढ्यावरही "एवढे पैसे भरून जीव टांगणीला लावायला जाता होय?" हे झालंच. माझा दादा म्हणतो, जपानला जाऊन तू फार नियमवाली झालीस. झाले असेन. सिग्नलला मोकळ्या रस्त्यावर उभी राहते म्हणून तो हसतो, पण काश्मीरात गुलमर्गला मित्रांबरोबर पावडर करायला, म्हणजे ताज्या बर्फात स्कीइंग करायला, जायचे बेत त्याचेच चाललेत. तिथल्या अफरवट डोंगराचा बर्फ सुंदर आहे, गंडोला (रोपवे) जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो, मलाही जायचंय. पण फेब्रुवारी 2024 मध्ये तिथेच हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला, हेही लक्षात असू दे.

तेव्हा दादा, बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं तुमच्यातल्या प्रत्येकाकडे हवं, एकट्याकडे असून उपयोग नाही. गाडला गेलेल्या माणसाकडे दहा-पंधरा मिनिटं असतात, तेवढ्यात खालून मदत पोचत नाही, शेजारी उभ्या असलेल्यानेच खणायचं असतं. बीकन भाड्याने घ्याल तर निघण्याआधी सुरू करून एकमेकांचा शोधून बघा. स्थानिक गाइड घ्या, घासाघीस हॉटेलवाल्याशी करा, त्याच्याशी नको. आणि प्रवासविम्याच्या कागदातली बारीक अक्षरं वाच. आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग बऱ्याचदा त्यातून वगळलेलं असतं. एजंटला फोन करून विचारू नकोस, तो हो म्हणेल. लेखी घे.