साडेपाच मिलिमीटर

दुपारी तीनच्या सुमारास शेवटची काच बसवायला घेतली, तर ती कडेच्या लाकडी ठोकळ्यावर चढून बसली. हलक्या हाताने हातोडी मारून पाहिली. सरकेना.

दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या बंगल्याच्या जिन्यावरची ही खिडकी, काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली. पॅनेलला मध्येच पोट सुटलं होतं. शिसं थकतं, रोजच्या उन्हाने फुगतं, रात्री आक्रसतं, वर काचेचं वजन, आणि खाचांत काच घट्ट धरणाऱ्या पुटीचा तर नुसता भुगा झालेला. मी कागद ठेवून शिशाच्या रेषांचा छाप घेतला होता, काचा सुट्या करून धुतल्या होत्या. नव्या पट्ट्या एक टोक शिकंज्यात धरून पकडीने ओढून ताठ केल्या होत्या. सगळं रीतीप्रमाणे. मग चुकलं कुठे?

आमचे काका सोल्डरिंगचे, सत्तरीचे. बोलले काहीच नाहीत. भंगाराच्या डब्यातून जुन्या पट्टीचा एक तुकडा काढला आणि बारीक मापं घ्यायच्या व्हर्नियरबरोबर माझ्यापुढे ठेवला.

शिशाची पट्टी आडवी कापली की इंग्रजी एचसारखी दिसते. दोन बाजूंच्या खाचांत काचा बसतात, मधल्या भिंतीला हार्ट म्हणतात. जुनं हार्ट सव्वा मिलिमीटर निघालं, नवं पावणेदोन. वरून दोन्ही पट्ट्या आठ मिलिमीटर रुंद, आणि छापात उमटते ती वरची रुंदीच. ऑर्डर देताना मी तेवढीच सांगितली होती. आडव्या ओळीत अकरा पट्ट्या. अकरा गुणिले अर्धा. हिशेब तोंडी झाला आणि मान खाली गेली.

बंगल्याच्या मालकांचा फोन आला. म्हणाले, “कडेची काच जराशी घासून घ्या ना.” तिच्यावर भट्टीत भाजलेली मण्यांची बारीक नक्षी, घासली की गेलीच. त्यांच्या कंत्राटदाराचा सल्ला त्याहून भारी: शिशाऐवजी काचांच्या कडांना तांब्याची फॉइल गुंडाळा आणि वरून सलग सोल्डर ओढा. लॅम्पशेडला फॉइल उत्तम, बारीक वळणं तिच्यातच जमतात. पण फॉइलला हार्ट नसतं, म्हणजे पॅनेल उलट सेंटिमीटरभर आखूड पडणार!

नशीब एवढंच की सांधे अजून डाखले नव्हते. खिळे उपसले, काचा पुन्हा क्रमांकाने ट्रेमध्ये लावल्या. दिवसभराचं काम तासाभरात सुटं झालं.

पातळ हार्टची पट्टी आली तेव्हा काकांनी आधी बोटभर तुकडा कापून मोजला, मगच गुंडाळी सोडली. या वेळी शेवटची काच हाताने बसली. साठ-चाळीसचं, म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असलेलं सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळतं, शिसं ३२७ ला. तरी माझी सोल्डरिंगची इस्त्री एका सांध्यावर क्षणभर रेंगाळली आणि पट्टीला खळगा पडलाच. तेवढी पट्टी बदलली. मग जवसाचं तेल, खडूची भुकटी आणि काजळी कालवलेली पुटी ब्रशने खाचांत घासली. सांध्यांवर तांब्याच्या तारा आधीच डाखल्या होत्या, खिडकीच्या आडव्या गजांना बांधायला.

पॅनेल चौकटीत सरकलं, दोन्हीकडे पुटीपुरती फट राहिली. मालकांनी चहा पुढे केला. काकांनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं.

“आधी साबण.”