परदेशात जाऊन छोटा धंदा? आधी कायदा बघा

विकसनशील देशात शिफ्ट होऊन काहीतरी छोटं सुरू करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिलं येतं कॅफे नाहीतर सलून, आणि नेमकी तिथेच गाडी अडते. टांझानियाने 2025 मध्ये परदेशी लोकांना 15 प्रकारचे धंदे करायला बंदीच घातली, त्यात मोबाईल रिपेअरिंग, मोबाईल मनी (फोनवरून पैसे पाठवायची-काढायची सेवा), टूर गाईड असलं सगळं आलं. थायलंडमध्ये बऱ्याच धंद्यांत परदेशी हिस्सा 50 टक्क्यांच्या खालीच ठेवावा लागतो. राग येतो, पण खरं सांगू, तिथल्या छोट्या माणसाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?

मग काहीजण ओळखीच्या लोकल माणसाच्या नावावर लायसन्स काढतात. हे तर अजिबात नको, उद्या बिनसलं तर धंदा त्याचा आणि तुम्ही विमानतळावर.

त्यापेक्षा तिथे कमी असलेलं स्किल विका, म्हणजे कोल्ड स्टोरेजचा मेंटेनन्स, सोलर बसवणं आणि पोरांना ते शिकवणं, नाहीतर तिथल्या कारागिरांचा माल नीट पॅक करून एक्सपोर्ट करणं, ह्या एक्सपोर्टमध्ये कमाई बहुतेकदा डॉलरमध्ये होते त्यामुळे लोकल चलन घसरलं तरी झोप उडत नाही. फक्त टुरिस्ट व्हिसावर काम करू नका, आणि इन्व्हर्टरचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.