खालच्या मीटरवर वरचा गीझर

कराडातलं दुमजली घर. खाली आई-वडील, वर मुलगा, सून आणि नातवंडं. दोन मजल्यांना दोन मीटर, दोन्ही जिन्याखालच्या एकाच फळीवर. तक्रार खालच्या मीटरची होती. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो सलग वाचला तर 98, 104, 95 युनिट आणि मग एकदम 362, 388, 371. हळूहळू चढलेला वापर वेगळा असतो, तो ऋतूचा किंवा म्हाताऱ्या फ्रिजचा. एका महिन्यात चौपट झाला म्हणजे त्या महिन्यात घरात काहीतरी बदललंय.

"मीटरच पळतंय बघा," खालचे वडील, तात्या, म्हणाले. त्यांनी अर्ज करून मीटर तपासूनही घेतलं होतं आणि ते बरोबर असल्याचा अहवाल हातात होता.

आधी बिल तपासलं. चालू रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की सरासरीवर बिल काढलंय, फोटोतला आकडा आणि छापलेला आकडा जुळतो का, कालावधी महिन्याचाच आहे ना, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. निम्म्या तक्रारी इथेच सुटतात, कारण दोन-तीन महिन्यांचं साचलेलं रीडिंग एकदम आलेलं असतं. इथे सगळं जुळत होतं. रुपये मात्र युनिटांपेक्षा जास्त वाढले होते आणि त्यात काही गूढ नाही. आपल्याकडे घरगुती दर 100, 300, 500 अशा टप्प्यांनी चढतो, त्यामुळे 371 युनिटांतली शेवटची 71 तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागतात. वहन आकार प्रत्येक युनिटावर आणि वीज शुल्क वाढलेल्या रकमेवर.

मग घरातली यादी. छोटा फ्रिज दिवसाला साधारण 1 युनिट. 75 वॅटचे दोन पंखे दहा-दहा तास म्हणजे 1.5. टीव्ही, 9 वॅटचे सहा दिवे, मिक्सर, टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या एचपीची मोटर वीस मिनिटं, सगळं मिळून पाऊण. खाली गीझर नाही, एसी नाही. दिवसाला सव्वातीन, महिन्याला शंभराच्या आत. जुनी बिलं हेच सांगत होती. मीटर दिवसाला साडेबारा युनिट मोजत होतं. रोजची नऊ युनिटं कुठल्या उपकरणाची, याला यादीत जागाच नव्हती.

आता ती चाचणी, जी सगळेच करतात: मेन बंद करायचा आणि मीटर थांबतं का पाहायचं. तात्यांनी ती आधीच केली होती. मेन पाडला की मीटरचा पल्सचा दिवा, वापराप्रमाणे लुकलुकणारा, थांबायचा. त्यावरून निष्कर्ष निघाला होता की मीटर चांगलं आहे आणि खर्च घरातलाच आहे. मीटर खरंच चांगलं होतं, पण दुसरा भाग चूक. घरचा मेन डबल पोल असतो, तो फेजबरोबर (करंट येण्याची वायर) न्यूट्रलही (परत जाण्याची वायर) तोडतो. दोष न्यूट्रलमध्ये असेल तर मेन पाडताक्षणी तो दिसेनासा होतो. म्हणून मेन चालू ठेवून आतल्या डीबीतल्या, म्हणजे घरातल्या स्विचपेटीतल्या, सगळ्या एमसीबी (प्रत्येक सर्किटचे छोटे स्विच) पाडायच्या. त्या सिंगल पोल असतात, फक्त फेज तोडतात.

सगळ्या पाडल्या. घरात एक दिवा नाही, पंखा नाही, फ्रिज गप्प. मीटरचा दिवा मात्र जोरात लुकलुकत होता आणि शेजारचा ई.एल. (अर्थ लीकेज) लिहिलेला लाल दिवा सतत पेटलेला.

मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती पल्स ते लिहिलेलं असतं. इथे 3200. अशा मीटरवर 1125 ला दोन पल्समधल्या सेकंदांनी भागलं की त्या घडीचे वॅट मिळतात. 1600 पल्सचं मीटर असेल तर 2250 धरायचे. एकच अंतर मोजू नये, दहा पल्सचा वेळ घ्यावा. दहाला 7 सेकंद लागले, म्हणजे अंतर 0.7 आणि वापर 1600 वॅट. तोही बंद घरात.

"काकी, वर कोणी आंघोळीला गेलंय का?"

सून जिन्यावरूनच म्हणाली, गीझर लावलाय. तो बंद करायला सांगितला. लुकलुकणं लगेच मंदावलं, एका पल्सला पाच-साडेपाच सेकंद. पुन्हा लावला, पुन्हा 0.7. वरच्या मजल्याचा गीझर खालच्या मीटरवर चढत होता, आणि त्याच वेळी वरचं मीटरही तो पूर्ण मोजत होतं.

हे कसं होतं ते समजल्याशिवाय पुढचं शोधता येत नाही. जुन्या चकतीच्या मीटरमध्ये करंटची कॉइल फक्त फेजमध्ये असायची. न्यूट्रल सोडून अर्थिंगवर लोड चालवला तरी ते मोजायचंच, चोरी व्हायची ती इतर तऱ्हांनी. त्या चोऱ्या पकडायला आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर सेन्सर असतात. दोन्ही करंट सारखे असले की प्रश्न नाही. फरक पडला तर ई.एल. दिवा लागतो आणि मीटर दोहोंतला मोठा करंट धरून युनिट मोजतं. चोराला आवरायला ही रचना योग्यच आहे. पण प्रामाणिक घरातली वायरिंगची चूकही तिच्या दृष्टीने तशीच दिसते. मीटर बदलल्याबरोबर बिल वाढलं अशा काही तक्रारींमागे हेच असतं. चूक जुनीच असते, जुनं मीटर ती पाहत नव्हतं.

म्हणून टाँग टेस्टर (वायर जबड्यात धरून करंट मोजणारा) लावायचा तो मीटरमधून मेनकडे येणाऱ्या दोन वायरींवर, वेगवेगळा. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, त्याची गरजही पडत नाही. फेज जास्त आणि न्यूट्रल कमी आला तर करंट जमिनीत जातोय: गीझरचं कॉइल, बोअरच्या मोटरचा पाण्यातला जोड, ओली भिंत. तो दोष एकेक एमसीबी पाडत गेलं की सापडतो. न्यूट्रल जास्त आणि फेज कमी असेल तर दुसऱ्याचा करंट तुमच्या न्यूट्रलने परत येतोय, आणि एमसीबी पाडून काही उपयोग नाही. इथे खालच्या फेजमध्ये 0, न्यूट्रलमध्ये 7.1 अँपियर. वरच्या फेजमध्ये 9.6, न्यूट्रलमध्ये 2.5. बेरीज तंतोतंत. वरचा सगळा करंट परत येत होता, पण त्यातला पाऊण हिस्सा खालच्या वाटेने. दोन्ही मीटर आपापला मोठा आकडा धरणार, म्हणजे 9.6 आणि 7.1. वापर 9.6 चा, बिल 16.7 चं. दुपारी वर कोणी नसताना तपासलं असतं तर खालचं मीटर जवळजवळ बरोबरच दिसलं असतं, हेही लक्षात घ्या.

दोन न्यूट्रल कुठे जुळलेत ते शोधायला दोन्ही मेन पाडले. डबल पोल असल्याने आता दोन्ही डीबींतल्या न्यूट्रल लिंक बाहेरून तुटल्या, त्यांचा एकमेकींशी संबंध असायला नको. मल्टिमीटर लावला तर वाचन अर्ध्या ओहमच्या आत. मग खालच्या लिंकवरची एकेक काळी, म्हणजे न्यूट्रलची, वायर सोडवत गेलो. जिना आणि पोर्चची वायर सुटल्यावर वाचन तुटलं. वरच्या डीबीत तसंच केलं, तिथे पॅसेजच्या दिव्याची वायर निघाली.

दोन्ही वायरी जिन्याच्या वळणावरच्या जंक्शन बॉक्समध्ये भेटत होत्या. झाकण काढलं. तीन-चार काळ्या वायरी एकत्र पिळून टेप गुंडाळलेला, टेप तपकिरी पडून कडक झालेला. जिन्यात टू-वे (वरून-खालून दोन्हीकडून लागणारा) दिवा आणि वर पॅसेजचा दिवा एकाच वेळी बसवले होते. फेज बरोबर वेगळे आणले होते, पण न्यूट्रल काय, सगळा एकच, असं समजून सगळे काळे एका गाठीत बांधले. हा समज आपल्या धंद्यात फार पसरलेला आहे आणि तो काढून टाकायलाच हवा. न्यूट्रल खांबावर एक असतो, मीटरच्या पुढे प्रत्येक मीटरचा स्वतंत्र.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. वरच्या मजल्याला मीटरकडे जायला स्वतःची चार स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) वायर होती, साधारण पंधरा मीटर, तिचा रोध 0.07 ओहम. जिन्यातून खाली जाणारी वाट दीड स्क्वेअरची, दोन्ही मजल्यांची मिळून पंचवीस मीटर, रोध 0.3. या हिशेबाने खालच्या वाटेला करंटचा पाचवा हिस्साही यायला नको. पाऊण हिस्सा येतोय म्हणजे जाड वायरीच्या वाटेवर कुठेतरी अडलंय. दोन्ही मेन पुन्हा चालू करून, गीझर लावून वरच्या मेनच्या इनकमिंग न्यूट्रलवर, वायर आणि पितळी टर्मिनल यांच्यामध्ये व्होल्टेज मोजलं. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट येतात. इथे 2.4 व्होल्ट. मीटरकडून आलेली ॲल्युमिनियमची वायर स्क्रूखाली सैल झाली होती, भोवती पांढरी-काळी पूड.

इथे क्रम महत्त्वाचा. जंक्शन बॉक्समधली गाठ आधी सोडवली असती तर सगळे 9.6 अँपियर त्या सैल स्क्रूवरून गेले असते. 2.5 अँपियरला तिथे 6 वॅट उष्णता होती, 9.6 ला ती 88 वॅट होते. लाकडी फळीवर, जिन्याखाली, जिथे चपला आणि रद्दी ठेवलेली. वरच्यांना दिवे मिचमिचल्याची तक्रार कधीच नव्हती, कारण खालचा न्यूट्रल त्यांचा भार उचलत होता. एका दोषाने दुसरा झाकला होता.

म्हणून आधी स्क्रू. दोन्ही मेन बंद, सर्व्हिसचा कटआउट (मीटरआधीचा फ्यूज) बाहेर, टेस्टरने खात्री. जळका भाग दोन इंच कापला, ॲल्युमिनियम घासून बायमेटल (दोन धातूंचा) लग क्रिंप केला, टर्मिनल साफ करून घट्ट आवळला. पुन्हा गीझर लावून पाहिलं तर खालच्या न्यूट्रलमधला करंट 7.1 वरून 1.8 वर आला. एवढ्यावर थांबलं असतं तरी बिल बरंच उतरलं असतं आणि सगळे खूश झाले असते, पण चूक तशीच राहिली असती.

नंतर गाठ. जिन्याच्या दिव्याचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही खालचे ठेवले. पॅसेजच्या दिव्याचा न्यूट्रल पिळून न ठेवता कनेक्टरमध्ये वेगळा घेतला. बॉक्समध्ये दोन्ही वायरींवर "खाली" आणि "वर" अशा पट्ट्या लावल्या, पुढच्या वायरमनला कळावं म्हणून.

खालच्या डीबीत आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेली होती, 40 अँपियर, 30 मिलिअँपियरची. पण तिच्या वरून वायरी थेट जोडलेल्या. विचारल्यावर काकी म्हणाल्या, "जिन्याचं काम झालं त्या दिवसापासून ते सारखं पडायचं, म्हणून त्यानंच काढून दिलं." बिल चढलं तो महिना तोच. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधला फरकच पाहते. ती पहिल्या दिवशीच बरोबर बोट दाखवत होती आणि तिलाच बिघडलेली ठरवलं गेलं. ज्या घरात आरसीसीबी सारखी पडते म्हणून बायपास केलीय, तिथे बिल वाढलेलं असो वा नसो, माणसाच्या जिवाची राखण काढून घेतलेली आहे. ती परत सर्किटमध्ये घेतली, टेस्टचं बटण दाबलं, पडली. उचलून ठेवली, वर गीझर आणि एसी दोन्ही लावले, तरी टिकली.

शेवटी दोन्ही मजल्यांच्या फेज-न्यूट्रल जोड्या टाँग टेस्टरच्या जबड्यात एकत्र घेतल्या. दोन्हीकडे शून्य. खालच्या सगळ्या एमसीबी पाडून पाच मिनिटं मीटरकडे पाहिलं, एकही पल्स नाही, ई.एल. विझलेला. तात्यांनी विचारलं, मागचे पैसे मिळतील का. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी असते आणि मीटर बरोबर ठरलेलं होतं, म्हणून त्या बिलांवर भांडण्यात अर्थ नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यांनी रीडिंग कळवलं. चोवीस तासांत खाली 3.4 युनिट, वर 13.8.