खाज थांबली, पोट बंद पडलं

दस्तुरी नाक्यावर गाडी लावली आणि पुढे माथेरानात पायी निघालो. सप्टेंबरचा शेवट होता. पाऊस ओसरला होता, पण लाल माती अजून पायाला चिकटत होती. घोडेवाल्याचा पहिला फोन दोन दिवसांपूर्वी आला होता, आयाळ आणि शेपटीच्या खाजेसाठी. त्या सकाळचा फोन निराळा होता : "डॉक्टर, खाजेचं नंतर बघा. खाज थांबलीय. पण घोडीनं पोट धरलंय."

खाज थांबलीय, हे वाक्य वर पोचेपर्यंत डोक्यात घोळत राहिलं. पावसाळ्यातली अशी खाज एका रात्रीत थांबत नाही.

कुमाईत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी, नऊ वर्षांची. मान खाली, कान सैल पडलेले, खालचा ओठ लोंबतोय. मधूनच वळून कुशीकडे बघायची, पुढचा पाय आपटायची आणि पुन्हा पेंगायची. पोटशुळाचा घोडा सहसा अस्वस्थ असतो, घाम फुटलेला असतो. हिला दुखतही होतं आणि झोपही येत होती. नाडी ४४ (निवांत घोड्याची २८ ते ४० असते), ताप नाही, हिरड्या गुलाबी पण कोरड्या. उजव्या कुशीला स्टेथोस्कोप लावला. तिथे मिनिटाला एक-दोनदा पाणी ओतल्यासारखा आवाज यायला हवा, तो चार मिनिटांत एकदाच आला. लीद आदल्या संध्याकाळची, लिंबाएवढे कडक गोळे, वर शेंबडासारखा चकचकीत थर.

"अंगाला काय लावलं?"

"गोचिडाचं औषध. शेजारच्या गाईचं उरलं होतं. रात्रभर एकदाही अंग घासलं नाही तिनं."

बाटलीवर लिहिलं होतं : अमिट्राझ १२.५ टक्के. खोकं आणि आतला कागद केव्हाच गेला होता आणि घोड्यांना वापरू नये हे त्या कागदावर असतं. गाईसाठी लिटरभर पाण्यात २ मिली घालतात. इथे अंदाजे ३ लिटर पाण्यात १५ मिली, म्हणजे अडीच पट कडक, आणि तेही मानेपासून शेपटीपर्यंत खरचटलेल्या, उघड्या कातडीवर चोळलेलं. पण माप बरोबर असतं तरी घोड्याला ते लावायचं नव्हतंच.

अमिट्राझ कातडीतून रक्तात जातं आणि शरीरात झायलाझीनसारखं वागतं, म्हणजे आम्ही घोड्याला गुंगी द्यायला वापरतो त्या औषधासारखं. डोळ्यांवर झापड येते आणि आतड्याची हालचाल मंदावते. गाईला ते सहसा सोसतं. घोड्याचं मोठं आतडं मात्र लांब, आणि ओटीपोटाजवळ एकदम वळून अरुंद होणारं. हालचाल मंदावली की त्या वळणावर चारा साचतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि बूच बसतं. गुंगी लवकर येते, पण हे बूच औषध लावल्यावर दीड-दोन दिवसांनी दिसतं, त्यामुळे औषधाचा आणि पोटाचा संबंध कोणी लावत नाही. खाज थांबली म्हणून मालक खूश होता. खाज थांबली नव्हतीच, घोडी गुंगीत होती.

गुदमार्गातून हात घालून पाहिलं. डावीकडे, ओटीपोटाच्या तोंडाशी मळलेल्या कणकेसारखा गोळा होता, बोटानं दाबला तर खळगा तसाच राहत होता. आतडं फिरलेलं नव्हतं, वायूनं फुगलेलंही नव्हतं. म्हणजे जागेवर उपचार करता येणार होते. नाडी साठच्या वर गेली असती, तर तिला खाली न्यायच्या तयारीला लागावं लागलं असतं.

वजन टेपनं काढलं : छातीचा घेर १५० सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १४५. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे जवळपास २७५ किलो. नजरेच्या अंदाजात पन्नास किलोंची चूक सहज होते, आणि औषधाचं प्रमाण तिथेच बिघडतं.

दुखण्यासाठी फ्लुनिक्सिन, किलोमागे १.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६ मिली, शिरेतून सावकाश. स्नायूत हे टोचत नाहीत, मांस सडण्याचा धोका असतो. पोटशुळात एरवी हात आपोआप झायलाझीनकडे जातो. इथे ते दिलं असतं तर विषात तशाच विषाची भर पडली असती, आणि थोडंफार हलणारं आतडंही थांबलं असतं. बाटली वाचली नसती तर मीही तेच भरलं असतं.

मग नळी. नाकपुडीपासून शेवटच्या बरगडीपर्यंत माप घेऊन नळीवर खूण केली, टोकाला पॅराफिन (बुळबुळीत खनिज तेल) लावलं, आणि नाकपुडीच्या तळाच्या बाजूनं आत सरकवली. वरच्या बाजूनं गेली की घोळणा फुटतो. घोडीनं गिळल्याबरोबर नळी पुढे. मानेच्या डाव्या खोबणीत ती सरकताना दिसली. मोकळ्या टोकाला ओढून पाहिलं तर हवा सहज येत नव्हती, म्हणजे अन्ननलिकेत होती. श्वासनलिकेत असती तर हवा मोकळी आली असती. या तपासणीत घाई करायची नाही, पॅराफिन फुप्फुसात गेलं तर घोडा जातो. पोटातून उलट काही येत नाही हे पाहून पावणेतीन लिटर लिक्विड पॅराफिन आणि अडीच लिटर कोमट पाणी दिलं. दोन तासांनी आणखी ४ लिटर पाणी, त्यात ३५ ग्रॅम मीठ. चारा पूर्ण बंद, पाण्याची बादली समोर, आणि दर तासाला दहा मिनिटं चालवणं.

दरम्यान अंग धुतलं. दोन दिवस झाले असले तरी केसांत औषध असतंच आणि कातडीतून मुरत राहतं. हातात रबरी मोजे घालायला लावले, कारण ते माणसालाही बाधतं, गुंगी येते. साधं पाणी आणि सौम्य लिक्विड साबण, दोनदा. ब्रशनं घासायचं नाही, सोललेल्या कातडीतून औषध जास्त शोषलं जातं. या विषानं अंग गारही पडतं, म्हणून लगेच पोत्यानं पुसून कोरडं केलं आणि वर पातळ घोंगडी टाकली.

रात्री दहाला मालकानं शेपटीखालच्या केसांचा फोटो पाठवला, तेलानं ओले झालेले. पॅराफिन कडेनं निसटूनही बाहेर येतं, त्यामुळे तेल दिसलं म्हणजे बूच सुटलं असं नाही. पहाटे चारला तेलकट, मऊ लिदीचा ढीग पडला तेव्हा खरं सुटलं. सकाळी ती पुन्हा खांबाला मान घासत होती. एवढ्या आनंदानं खाजेची बातमी मला कोणी दिलेली नाही.

तिसऱ्या दिवशी मूळ दुखण्याकडे वळलो.

खाज अंगावर कुठे आहे, त्यावरून निम्मं निदान होतं. हिचे केस तुटले होते ते कानांमागून खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत आयाळीच्या मुळाशी, शेपटीच्या बुडाशी आणि पोटाखालच्या मधल्या रेषेत. खोगिराखाली कातडी स्वच्छ. ऊन पडलेल्या बाजूला केस पाडून पाहिले, उवा किंवा लिखा नाहीत. मागचे पाय ती आपटत नव्हती, त्यामुळे पायांवरच्या खरजेच्या किड्यांची शंका कमी. नायट्याचे गोल चट्टे नाहीत, आणि नायट्याला एवढी खाजही नसते. खपलीबरोबर केसांचा झुबका निघून खाली पू दिसला असता तर पावसानं भिजलेल्या कातडीचा जंतुसंसर्ग म्हटला असता, तोही नव्हता. शेजारच्याच खुंट्यावरचा घोडा ठणठणीत होता. आणि मालकाचं म्हणणं, "दर पावसाळ्यात होतं, होळीपर्यंत आपोआप जातं."

म्हणजे चिलटं. क्युलिकॉइड्स नावाची, एक ते तीन मिलिमीटरची. पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात, ओल्या चिखलात आणि लिदीत वाढतात. त्यांच्या लाळेची ॲलर्जी काही घोड्यांनाच होते, म्हणून एकाच तबेल्यात एक घोडा रक्त निघेपर्यंत घासतो आणि दुसरा शांत रवंथ केल्यासारखा चारा खात उभा असतो. गोचिडाच्या औषधाचा इथे मुळातच संबंध नव्हता.

लावायचं काय, ते मालकाला कागदावर क्रमानं लिहून दिलं, कारण क्रम चुकला की चांगलं औषधही वाया जातं.

आधी धुणं. दोन टक्के क्लोरहेक्सिडीनचा शॅम्पू, आठवड्यातून दोनदा, दोन आठवडे. मग आठवड्यातून एकदा. फेस कातडीवर घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवायचा. बहुतेक जण दोन मिनिटांत धुऊन टाकतात आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणतात. माणसांचा शॅम्पू नको. आपली कातडी आम्लधर्मी, घोड्याची जवळपास उदासीन. आपल्या शॅम्पूनं ती कोरडी पडून आणखी खाजते. पाणी गार. गरम पाण्यानं घटकाभर बरं वाटतं, मग रक्त कातडीकडे धावतं आणि खाज दुप्पट होते.

धुतल्यावर ओटचं पाणी. दोनशे ग्रॅम साधे ओट्स मिक्सरमध्ये इतके बारीक करायचे की चमचाभर पूड पेल्यातल्या पाण्यात टाकली तर पाणी दुधासारखं होऊन तसंच राहील. पूड तळाशी बसली तर अजून जाड आहे. मलमलच्या फडक्यात बांधून दहा लिटर गार पाण्यात अर्धा तास, मग फडकं पिळत ते पाणी आयाळीवर आणि शेपटीवर ओतायचं. नंतर धुवायचं नाही. खाज तेवढ्यापुरती खरंच उतरते, आणि घासणं थांबलं की जखमा भरायला सवड मिळते.

पाझरणाऱ्या जागी कॅलामाइन, पातळ. भेगाळलेल्या कोरड्या जागी नुसतं खोबरेल, तेही बोटाला लागेल इतकंच. हळद घालू का, असं त्यानं विचारलं. हळद बिघडवत काही नाही, पण जखमेचा रंग झाकते. दुसऱ्या दिवशी लाली वाढली की कमी झाली ते मला कळत नाही.

चिलटांसाठी कडुनिंबाचं तेल एक भाग, खोबरेल नऊ भाग. आधी खांद्यावर तळहाताएवढ्या जागी लावून चोवीस तास पाहायचं, काही घोड्यांना कडुनिंबानेच गांधी उठतात. मग रोज दुपारी चारला, चिलटं निघायच्या आधी, आयाळीच्या मुळाशी, शेपटीच्या बुडाला आणि पोटाच्या रेषेत. खोगिराखाली तेल अजिबात नाही. तिथे लाल धूळ आणि घाम मिसळून कानशीसारखी लुगदी होते आणि पाठ लागते. पंचवीस टक्क्यांचं बेन्झिल बेन्झोएट चिलटांवर जास्त चालतं, पण ते फक्त न फुटलेल्या कातडीवर. जखमेवर ते इतकं झोंबतं की पुढच्या वेळी घोडा बाटली बघूनच लाथ झाडतो. तिची कातडी भरेपर्यंत ते बंद ठेवलं.

रॉकेल आणि जळकं इंजिन ऑइल हे दोन उपाय त्यानं आधीच्या वर्षांत करून पाहिले होते. आयाळीत मधोमध दोन बोटं रुंद टक्कल पडलं होतं, ते खाजेचं नसून रॉकेलनं भाजल्याचं होतं. तिथे केस आले तर पांढरे येतील, असं आधीच सांगून ठेवलं.

"एक इंजेक्शन द्या ना, पटकन बसेल." स्टेरॉइडनं बसतेच. पण घोड्याला त्यानं खुरांच्या आतल्या थराला सूज येऊ शकते, आणि दगडी वाटेवर माणसं वाहणारा घोडा खुरानं गेला की कामातून गेला. अगदी हट्टी दोन चट्ट्यांवर एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन, पाच दिवस, त्यापुढे नाही.

या सगळ्यापेक्षा जास्त काम केलं पंख्यानं. चिलटं उडायला अशक्त, वाऱ्यात टिकत नाहीत. संध्याकाळी पाचला घोडी आत, सकाळी आठपर्यंत बाहेर काढायची नाही, आणि उभा पंखा कानापासून शेपटीपर्यंत वारा लागेल असा तिरका. वायर आढ्यावरून, तोंड पोचणार नाही अशी. मालकानं दाराला मच्छरदाणी लावली होती. तिच्या भोकांतून डास अडतो, चिलट आरामात शिरतं. ती काढून दाट विणीची जाळी लावली. लीद रोज दोनदा उचलून लांब, आणि पाण्याच्या टाकीखाली साचणाऱ्या चिखलाला चर खणून वाट दिली.

तिसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा आयाळीच्या मुळाशी मखमलीसारखे आखूड केस उगवले होते. रॉकेलच्या जागी अजून काहीच नव्हतं. शेजारचा घोडेवाला कडुनिंबाच्या तेलाची बाटली हातात घेऊनच उभा होता. त्याचाही घोडा शेपूट घासतो, हेच तेल चालेल का?

"आयाळ घासतो?"

"नाही. फक्त शेपूट."

शेपूट उचलायला सांगितलं. गुदद्वाराभोवती पिवळसर-राखाडी, वाळलेल्या खळीसारखा थर होता. पिशवीतली सेलोटेप काढून त्यावर दाबली आणि काचपट्टीवर चिकटवली. तिथे चिलटांचा संबंध नव्हता, तो थर जंतांच्या अंड्यांचा होता.